क्लच कुणी खाल्ला

चढावर चौथ्या गिअरमध्ये इंजिन ओरडलं आणि गाडी होती त्याच वेगानं रखडत राहिली, तेव्हाच मला कळलं की क्लच गेला. तिसरा क्लच. अठरा वर्षांच्या गाडीला तिसरा क्लच म्हणजे काही फार नाही, असं कुणीही म्हणेल. पण दुसरा जाऊन जेमतेम दोन वर्षं झाली होती, आणि या दोन वर्षांत त्या स्टिअरिंगला माझ्याशिवाय कुणाचाही हात लागला नव्हता. गोची होती ती इथे.

मी ड्रायव्हिंग स्कूल चालवतो. बावीस वर्षं झाली. स्कूलची गाडी वेगळी, पांढरी, डबल पेडलची. ही माझी स्वतःची. लाल, बुटकी, दोन दारांची. रंग बॉनेटवर पार उडालाय, पण वळणावर अशी चिकटून जाते की नव्या गाडीवाल्यांनी बघत राहावं. रोज हिच्यातूनच मी कामावर जातो, भाजी आणतो, लग्नाकार्याला जातो. लोक म्हणतात, आता विका. लोकांचं काय जातंय म्हणायला.

स्कूलच्या खोलीत दहा खुर्च्या आहेत, खुणांचा तक्ता आहे आणि तक्त्याशेजारी खिळ्याला एक जळकी क्लच प्लेट टांगलेली आहे. म्हणजे होती. प्रत्येक बॅचच्या पहिल्या दिवशी मी ती काढून हातात घ्यायचो आणि विचारायचो, "हा क्लच कुणी खाल्ला, सांगा?" सगळे गप्प. मग मी म्हणायचो, "आमच्या घरच्यांनी! शिकवणाऱ्याच्या घरात ही तऱ्हा, तर तुमचं काय होणार? म्हणून पहिला धडा. गाडी सुटली की क्लचवरचा पाय उचला!" हशा हमखास. दोन वर्षं मी या हशावर दुकान चालवलं.

घरचे म्हणजे बायको. ती हॉस्पिटलच्या लॅबमध्ये टेक्निशियन आहे, सकाळची पाळी. दोन वर्षांपूर्वी तिला मीच हौसेनं ही गाडी शिकवली होती. पाच महिने ती रोज सकाळी घेऊन जायची, दुपारी आणून द्यायची, संध्याकाळी मी चालवायचो. मग क्लच गेला. गॅरेजमध्ये प्लेट बाहेर निघाली तेव्हा ती तिथे होती, तिचा भाऊही होता. मी प्लेट उंच धरली आणि मेव्हण्याला म्हणालो, "बघ, तुझ्या बहिणीची कर्तबगारी."

"मी पाय ठेवत नाही हो क्लचवर," ती म्हणाली.

"ठेवणाऱ्याला कळलं असतं तर ठेवला असता का?" मी म्हणालो. सगळे हसले. मी तर जास्तच. घरी आल्यावर तिनं तिच्याकडची किल्ली कपाटाच्या खणात ठेवली आणि दुसऱ्या दिवसापासून दोन बस बदलून जायला लागली. भांडली नाही, रुसली नाही. मला वाटलं, बरं झालं, समजूतदार आहे.

आता तिसरा गेला होता आणि माझ्या डोक्यात किडा वळवळायला लागला होता. तिनं खाल्ला नाही. मग कुणी? एकच वाट होती सुटायची. पार्टच खराब निघाला असला पाहिजे. पार्ट खराब निघाला, तर मी सुटलो. नाही तर दोन वर्षं जे खापर मी तिच्या डोक्यावर फोडलं ते उचलून कुठे ठेवायचं, हा प्रश्न होता. म्हणून मी त्या प्रश्नाकडे बघायचंच टाळलं आणि नवीन क्लच शोधायला लागलो. भारीतला. ज्याला कुणी काही करू शकणार नाही असा.

मेव्हणा मदतीला धावला. त्याच्या स्वतःच्या गाडीला क्लचच नाही, ऑटोमॅटिक आहे. पण मत द्यायला क्लच लागतो कुठे?

"भाऊजी, चूक तुमची एकच. स्पोर्टी गाडीला साधा क्लच घातलात. त्याला ती झेपणार कशी? धातूच्या चकत्यांचा घ्या. रेसवाले तोच घालतात. आणि टायरही बदलून टाका, दोन बोटं रुंद घ्या. गाडी रस्त्याला चावेल."

त्याचं बोलणं मला इतकं गोड लागलं की काय सांगू. त्यात दोष क्लचचा होता, टायरचा होता, माझा नव्हताच. टायर बदलायला झालेच होते म्हणा. सात वर्षांचे, हाताला लाकडासारखे कडक लागायचे आणि ओल्या रस्त्यावर पेट्रोल पंपाच्या वळणाला मागची बाजू जराशी सुटायची. मी रात्रंदिवस तेच वाचायला लागलो. मऊ रबराचा, पकड जबरदस्त, पण वर्षभरात गुळगुळीत. कडक रबराचा, टिकतो, पण पावसात दगा देतो. रुंद घेतला तर दिसायला झकास, पण पूर्ण वळवल्यावर आतल्या पत्र्याला घासणार. सकाळी एक ठरवायचो, दुपारी दुसरंच. जेवताना तिसरं. एका जागी बसवेना. उगाच उठून खाली जायचो, गाडीभोवती फेरी मारायचो, टायरमध्ये नखं खुपसून बघायचो आणि काहीही न ठरवता वर यायचो.

शिकवण्यातही लक्ष लागेना. तेव्हा एक निवृत्त बाई शिकायला येत होत्या. चौसष्ट वर्षांच्या, आयुष्यभर गणित शिकवलेल्या. त्या चालवत होत्या आणि मी फोनवर टायर बघत होतो.

"सर, हे पेडल मी न दाबताच खाली जातंय," त्या म्हणाल्या.

"माझा पाय आहे तो. माझ्या बाजूचं पेडल दाबलं की तुमचंही दबतं. तुमच्याच काळजीपोटी."

"सतत?"

"सतत. बावीस वर्षं हा पाय क्लचवर आहे, बाई. म्हणून तर आजवर एक अपघात नाही."

त्यांनी अगदी साधेपणानं, उदाहरण सोडवताना विचारावं तसं विचारलं, "मग घरी जाताना तो काढून कुठे ठेवता?"

"समोर बघा," मी खेकसलो. इतका की त्यांनी घाबरून हॉर्न दाबला. समोर कुणीही नव्हतं.

त्याच आठवड्यात बायकोची बदली झाली. लॅब तीच, पण दुसरी शाखा, शहराच्या पार दुसऱ्या टोकाला. एक तारखेपासून. मेव्हणा जेवायला आला होता, त्यानं बोटांवर हिशोब केला. "ताई, तीन बस बदलाव्या लागतील तुला. दीड तास जायला, दीड तास यायला. त्यापेक्षा गाडी घेऊन जा ना."

"नको रे," ती म्हणाली. "मला नाही जमत ते. उगाच आणखी एक क्लच जायचा."

"पण आत्ता गेला तो कुणी खाल्ला मग?" मेव्हण्यानं विचारलं. त्याच्या मनात काही नव्हतं. तो बिचारा भात कालवत होता.

माझा घास तोंडातच राहिला. "पार्टच खराब होता," मी म्हणालो. "म्हणून तर आता भारीतला घालतोय."

बायकोनं त्याला वाढलं, मला वाढलं आणि मग भांडं खाली ठेवता ठेवता म्हणाली, "मग मागचासुद्धा पार्टच खराब असेल."

"ते वेगळं होतं," मी म्हणालो. तिनं मान हलवली. तिला ते पटलं होतं, हेच वाईट होतं. खरंच पटलं होतं तिला. माझ्यासारखा माणूस सांगतोय म्हणजे तिच्यातच काहीतरी कमी आहे, असं ती दोन वर्षं धरून चालली होती. मला जेवण गेलं नाही. पण म्हणून मी काही बोललो का? नाही. मूग गिळून बसलो आणि दुसऱ्या दिवशी सकाळी बारक्याकडे गेलो.

बारक्या म्हणजे आमचा मेकॅनिक. शाळेपासूनचा मित्र. शाळेत काडीसारखा होता, आता त्याला गाडीखाली सरकायचं तर गाडी आधी जॅकवर वीतभर जास्त उचलावी लागते, पण नाव तेच राहिलं. मी त्याच्यापुढे फोन धरला. "हा मागव. धातूचा."

त्यानं चष्मा वर करून बघितलं. "हा रोजच्या गाडीत? पेडल दगड होईल. सिग्नलला उभा राहिलास की पोटरी भरून येईल. गाडी सुटताना उड्या मारेल. बरं, एवढं करून पाय ठेवणाऱ्यानं ठेवलाच, तर हाही खाऊन होईल."

"पाय ठेवणारा कोण?"

"मी कुणाचं नाव घेतलं?"

"पार्ट खराब होता, बारक्या."

"असेल," तो म्हणाला. "किल्ली दे. ऑर्डर द्यायच्या आधी एक बघून घेऊ."

तो कसाबसा स्टिअरिंगखाली डोकं घालून बसला. क्लचच्या पेडलमागे एक छोटा स्विच असतो, त्याला त्यानं दोन वायरी जोडल्या आणि बोटाच्या पेराएवढा एक दिवा डॅशबोर्डवर चिकटवला. पेडलला हातानं जरासा धक्का दिला. दिवा लागला. सोडलं, विझला. "चल, गोदामांच्या रस्त्यानं फिरून येऊ," म्हणाला. "हळू चालव. क्लच तेवढं चालू देईल."

गोदामांचा रस्ता सरळसोट, रुंद, सकाळी रिकामा. मी गिअर टाकत गेलो. दिवा लागायचा, विझायचा. पाचवा टाकला. आता काही करायचं नव्हतं, नुसतं जायचं. बारक्या खिशातून शेंगदाणे काढून खात होता. दिवा लागलेलाच होता.

"तुझा दिवा अडकलाय," मी म्हणालो.

"पाय उचल."

"उचललेलाच आहे."

"खाली बघ."

मी खाली बघितलं. माझा डावा बूट क्लचच्या पेडलवर होता. दाबलेला नाही, नुसता टेकलेला, आरामात, जसा स्कूलच्या गाडीत रोज आठ तास असतो तसा. मी झटक्यात उचलला. दिवा विझला. मी पाय बाजूला ठेवला, घट्ट ठेवला, म्हटलं, आता बघू. एक गोदाम गेलं, दोन गेली, समोरून एक ट्रक आला, मी जरा बाजूला घेतलं, आणि बारक्या शेंगदाणे चघळत म्हणाला, "बघ." दिवा लागला होता. पाय केव्हा गेला, माझं मला कळलं नव्हतं. आणखी एकदा केलं. आणखी एकदा लागला.

मी गाडी कडेला घेतली. ठेवणाऱ्याला कळलं असतं तर ठेवला असता का, हे वाक्य माझंच होतं आणि ते या दोन वर्षांत मी किती ऐटीत मिरवलं होतं.

"मागचाही मीच," मी म्हणालो.

"पाच महिन्यांत प्लेट तेवढी झिजत नाही. तिनं अगदी दोन्ही पायांनी उभं राहून चालवली असती तरी नाही."

"मग तेव्हा बोलला का नाहीस?"

"बोललो होतो," बारक्या म्हणाला. "तू हसत होतास."

मला त्याचा राग आला, मग माझा आला आणि मग इतकी लाज वाटली की दार उघडून मी उगाचच गाडीभोवती एक फेरी मारली. टायर बघितले. टायरांनी माझं काय बिघडवलं होतं? आत बसलो तेव्हा बारक्यानं विचारलं, "दिवा काढू?" मी म्हणालो, "राहू दे."

स्कूलमध्ये दुपारची बॅच बसली होती. गणिताच्या बाईही होत्या. मी सरळ जाऊन खिळ्यावरची प्लेट काढली. बाई उत्साहानं सरसावून बसल्या. "आता ती गोष्ट का? मी ऐकलीय, पण पुन्हा सांगा, मजा येते." मी म्हणालो, "आज नाही," आणि प्लेट पिशवीत घालून घरी आलो.

बायको नुकतीच आली होती. दारातच स्टुलावर बसून पाय चोळत होती. मी प्लेट टेबलावर ठेवली. रस्ताभर मी वाक्यं जुळवत आलो होतो, त्यातलं एकही आठवेना.

"हा मी खाल्ला," मी म्हणालो. "आत्ताचाही मीच. स्कूलच्या गाडीत सतत पेडलवर पाय असतो ना, तो इथेही तसाच जातो. मला कळत नाही. आज बारक्यानं दिवा लावून दाखवलं. तू काहीच केलं नव्हतंस."

ती प्लेटकडे बघत राहिली. मला वाटलं, हसेल. किंवा म्हणेल, जाऊ दे. बायका म्हणतात ना जाऊ दे, तसं. त्या आशेवर मी उभा होतो, खोटं कशाला सांगू?

"दोन वर्षं," ती म्हणाली. "बसमध्ये उभी असायची तेव्हा मी ड्रायव्हरचा पाय बघायची. रोज. म्हणायची, याला कसं जमतं, आपल्यालाच का नाही जमलं? आणि मला आठवत होतं हो, मी पाय ठेवत नव्हते. मला स्पष्ट आठवत होतं. पण तुम्ही म्हणालात, ठेवणाऱ्याला कळत नाही. मग मी माझं आठवणंच खोटं धरलं."

चुकलं, असं म्हणालो. ते फारच छोटं वाटलं.

"वर्गात किती जणांना सांगितलंत हे?"

"सगळ्यांना."

"मग त्यांना आता कोण सांगणार?"

"मी सांगेन."

"माझ्यासमोर सांगा," ती म्हणाली आणि पुन्हा पाय चोळायला लागली. त्या संध्याकाळी आमच्यात एवढंच बोलणं झालं. मी चहा केला. तिनं घेतला, पण माझ्याकडे बघितलं नाही.

दुसऱ्या दिवशी तिनं रजा टाकली आणि माझ्याबरोबर स्कूलमध्ये आली. मागच्या खुर्चीवर बसली, पर्स मांडीवर. मी प्लेट हातात घेतली आणि विचारलं, "हा क्लच कुणी खाल्ला?" जुने लोक आधीच हसायला लागले. "मी," म्हणालो. ते आणखी हसले. त्यांना तो नवा विनोद वाटला. मला तीनदा सांगावं लागलं. तिसऱ्यांदा आवाज फुटला माझा, तेव्हा खोली गप्प झाली. गणिताच्या बाईंनी मागे वळून बायकोकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि म्हणाल्या, "म्हणजे उत्तर आधीपासून चुकलेलं होतं." बायको तेव्हा पहिल्यांदा हसली. माझ्याकडे बघून नाही, बाईंकडे बघून.

तिथून आम्ही बारक्याकडे गेलो. त्याच्याकडे एका हौशी गिऱ्हाइकाची गाडी उभी होती, धातूचा क्लच घातलेली. मी म्हणालो, एकदा दाबून बघ. तिनं आत बसून पेडल दाबलं, सोडलं, पुन्हा दाबलं. "हे कशासाठी असतं? व्यायामासाठी?"

"रेसवाले वापरतात," मी म्हणालो.

"मला रक्ताचे नमुने तपासायला जायचंय."

बारक्यानं तोंडावर हात धरला. कंपनीचा साधा, हलक्या पेडलचा क्लच तिनं ठरवला. टायर ठरवायला तिला पाच मिनिटं लागली, ज्याच्यासाठी मी तीन आठवडे तडफडत होतो. आहे त्याच मापाचे, रुंदबिंद काही नाही, ओल्या रस्त्यावर लवकर थांबणारे. "पेट्रोल पंपाच्या वळणाला मागचं सुटतं," तिनं बारक्याला सांगितलं. मी चमकून बघितलं. दोन वर्षांपूर्वी चालवलेल्या गाडीचं ते वळण तिच्या लक्षात होतं. तेव्हा तर ते जेमतेम सुटायला लागलं होतं आणि मला कळायला आणखी वर्ष गेलं होतं.

चार दिवसांनी गाडी तयार झाली. मेव्हण्यानं फोनवर हळहळ व्यक्त केली, धातूचा घातला असता तर बरं झालं असतं म्हणाला. एक तारखेला सकाळी तिनं कपाटाचा खण उघडला आणि स्वतःची किल्ली काढली. मी विचारलं, "पहिला दिवस आहे, मी येऊ बरोबर?" ती म्हणाली, "या. पण शिकवायचं नाही."

शेजारच्या सीटवर मी या गाडीत दोन वर्षं बसलो नव्हतो. बसलो, पट्टा लावला, हात मांडीवर ठेवले. तिनं गाडी सोडली. पहिला, दुसरा, तिसरा. दिवा लागायचा आणि लगेच विझायचा. मुख्य रस्त्याला लागल्यावर पाचवा टाकला आणि त्यानंतर दिवा लागलाच नाही. मी त्याच्याकडे बघत बसलो. पूल गेला, गोदामं गेली, पेट्रोल पंपाचं वळण आलं, नव्या टायरांवर गाडी शांतपणे वळली, तरी नाही. पुढे एक रिक्षा अचानक आडवी आली. तिनं ब्रेक दाबला, गाडी हळू झाली, गिअर कमी केला, दिवा क्षणभर लागला, विझला.

ती समोरच बघत होती. चेहऱ्यावर राग नव्हता, हसूही नव्हतं.

"पाय उचला," ती म्हणाली.

मी खाली बघितलं. माझे दोन्ही पाय पुढच्या मॅटवर होते, नसलेल्या पेडलांवर, अंगातला सगळा जोर लावून. मी ते उचलले आणि मागे घेतले.